दांडा हाताशी यायला हवा

संगणकावर विमान उडवणाऱ्याच्या अंगात सगळ्यात आधी कुरकुरतो तो खांदा. मनगटाचा नंबर नंतर लागतो, कमरेचा त्याच्याही नंतर. यात नवल काही नाही. आपल्याकडची लिहायची, संगणकाची, जेवायची सगळी टेबलं साधारण अडीच फुटांची, म्हणजे 75 सेंटिमीटर उंच. त्यावर जॉयस्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, ठेवली की तिची मूठ आणखी 15 सेंटिमीटर वर जाते. म्हणजे हात धरायचा 90 सेंटिमीटरवर. आणि खुर्चीत टेकून बसलेल्या माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या बाईचं कोपर असतं जमिनीपासून 65 सेंटिमीटरवर. मधले 25 सेंटिमीटर कोण भरून काढणार? खांदाच. पहिली दहा मिनिटं तो मुकाट्याने भरून काढतो. अर्ध्या तासाने मान आखडते, तासाने बोटं मूठ घट्ट आवळायला लागतात, आणि बोटं आवळली की विमान डुलायला लागतं. मग माणूस जॉयस्टिकला दोष देतो, सेटिंग बदलत बसतो, नवी महागडी जॉयस्टिक बघायला लागतो. टेबलाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मी जालन्यात भूगोल शिकवते. गोदावरीचं खोरं, अजिंठ्याची रांग, बालाघाट हे सगळं वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने काढत आले. 2020 च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान उडवायचा खेळ, आला, उपग्रहाच्या छायाचित्रांवरून उभी केलेली अख्खी पृथ्वी घेऊन आला. पुण्याच्या भाच्याने तो माझ्या संगणकावर घालून दिला आणि म्हणाला, "मावशी, आता तुझा नाथसागर वरून बघ." बघितला. पैठणच्या धरणामागे पाणी कसं पसरलंय, गोदावरी तिथे येईपर्यंत किती संथ होते, काठाकाठाने हिरवं कुठवर जातं आणि करडं कुठे सुरू होतं, हे नकाशात दिसतं तसं दिसत नाही. त्या दिवसापासून हे वेड लागलं ते लागलंच.

माझी सगळ्यात आवडती वाट अगदी साधी आहे. जालन्याच्या आभाळात सुरुवात करायची आणि नाक पश्चिमेला धरायचं. खाली रेल्वेचा रूळ सोबत असतो. बदनापूर जातं, करमाड जातं, आणि समोर चिकलठाण्याची धावपट्टी उगवते. जालना आणि चिकलठाणा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, आणि धावपट्टीही पूर्व-पश्चिम, 09 आणि 27 या आकड्यांची, म्हणजे 90 आणि 270 अंशांच्या दिशांची. त्यामुळे जालन्याहून निघालेलं विमान फारसं न वळता थेट 27 वर उतरतं. अंतर पन्नास किलोमीटर. छोट्या सेसना विमानाला 100 नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण 185 किलोमीटरच्या वेगाने पंधरा-सोळा मिनिटं लागतात. एवढ्या वेळात करायचं काय, तर नाक क्षितिजावर ठेवायचं, उंची ठेवायची, शेवटी वेग उतरवत आणायचा. प्रत्येक हालचाल इवलीशी. बोटभरसुद्धा नाही, नखभर. खांदा अवघडलेला असेल तर नखभर हालचाल करता येत नाही, हातभर होते.

म्हणून या सगळ्याकडे मी यंत्राच्या बाजूने न बघता अंगाच्या बाजूने बघते. आधी बसायचं. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, पाठ खुर्चीच्या पाठीला लागलेली, दंड बरगडीशी सैल लोंबलेले. मग डोळे मिटून कोपरात हात वळवायचा आणि मूठ अर्धवट मिटायची. ती जिथे राहील तिथे जॉयस्टिकची मूठ यायला हवी. कोपराचा कोन काटकोनात किंवा काटकोनापेक्षा थोडा उघडा. मनगट सरळ, बाहेर किंवा आत मोडलेलं नको. हे झालं की फूटपट्टी घेऊन बघायचं. माझ्या मापात हिशेब असा आला की मुठीचा मध्य 65 सेंटिमीटरवर हवा, म्हणजे जॉयस्टिकची बैठक जमिनीपासून 50 सेंटिमीटरवर. टेबलाच्या पृष्ठभागापेक्षा तब्बल 25 सेंटिमीटर खाली! मांडीच्या पातळीत.

हे माप हाती आलं तेव्हा एक गोष्ट लख्ख कळली. खऱ्या विमानात मधला दांडा थेट जमिनीतून, दोन गुडघ्यांच्या मधून वर येतो, तो हाताला का सोयीचा पडतो ते. आपल्या तेजस या लढाऊ विमानातही दांडा मधोमधच आहे. तो उंच असतो, पण त्याची मूठ पोटाशी, मांडीच्या जरा वर असते, आणि वैमानिकाचा हात मांडीवर टेकलेला राहू शकतो. अमेरिकेच्या एफ-16 या लढाऊ विमानात दांडा उजव्या बाजूला गेला, कारण तिथे आसन 30 अंश मागे कललेलं आहे आणि जोराच्या वळणात हात हवेत धरणं अशक्य होतं. हात टेकवायला आधार दिला आणि दांडा मनगटापाशी आणून ठेवला. सुरुवातीला तर तो हलतच नसे, फक्त हाताचा दाब ओळखायचा. वैमानिकांना ते रुचेना, म्हणून मग त्याला किंचित हलायची मुभा दिली. हाताला काहीतरी सरकल्याचं कळलं पाहिजे, नाहीतर किती दाब दिला याचा अंदाज येत नाही. घरच्या जॉयस्टिकलाही हे तंतोतंत लागू आहे.

आता माझी खास गोष्ट. मी डावखुरी आहे. जेवताना, नैवेद्य वाढताना, कुणाला पैसे देताना "उजवा हात!" असा आवाज लहानपणी घरभर घुमायचा. लिहायला मात्र वडिलांनी डावा हात राहू दिला, आणि मी त्याच हाताने फळ्यावर गोदावरी काढते. जॉयस्टिक घ्यायला गेलं की बहुतेक मुठी उजव्या हाताच्या घडणीच्या. अंगठ्याचा खोबणीतला उतार, करंगळीखालचा टेकू, सगळं उजव्यासाठी. डाव्या हाताने ती मूठ धरली की अंगठा बटणांपर्यंत पोचतच नाही. थ्रस्टमास्टर कंपनीची टी-16000-एम ही जॉयस्टिक दोन्ही हातांसाठी चालते, तिच्या मुठीचे तुकडे काढून दुसऱ्या बाजूचे बसवता येतात. मी तीच घेतली. एअरबसच्या धर्तीवर त्यांनी काढलेल्या साइडस्टिकला, म्हणजे बाजूला लावायच्या दांड्यालाही, अशीच सोय आहे. डावखुऱ्या वाचकांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं.

पण मला जो आनंद झाला तो वेगळ्याच कारणाने. प्रवासी विमानाचा कॅप्टन डावीकडच्या आसनावर बसतो. एअरबस ए-320 मध्ये त्याचा दांडा त्याच्या डाव्या हाताला असतो आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचे दांडे, उजव्या हाताला, दोन आसनांच्या मध्ये. 1988 पासून ही विमानं प्रवासी घेऊन उडताहेत, आणि त्यांच्या कॅप्टनांपैकी बहुतेक लोक उजवखुरेच असणार. तरी तेही डाव्याच हाताने उडवतात. छोट्या सेसना 172 चंही तसंच. हे विमान पहिल्यांदा उडालं 1955 मध्ये, आजवर 44,000 हून जास्त तयार झाली. त्यात डाव्या आसनावरचा वैमानिक डावा हात योकवर, म्हणजे स्टिअरिंगसारख्या मुठीवर, ठेवतो आणि उजव्याने थ्रॉटलची मूठ पुढे-मागे करतो. लढाऊ विमानात उलटं, दांडा उजव्या हातात आणि थ्रॉटल डाव्या. म्हणजे तुम्हाला कोणतं विमान उडवायचंय यावर कोणता हात कुठे हे ठरतं. ज्याला लढाऊ विमानांचं वेड आहे त्याने दांडा दोन मांड्यांच्या मध्ये किंवा उजवीकडे लावावा, थ्रॉटल डाव्या मांडीशेजारी. ज्याला माझ्यासारखं रमतगमत प्रवासी विमान किंवा सेसना उडवायचंय त्याने उजवखुरं असूनही एकदा डाव्या हाताने दांडा धरून बघावा. आठवडाभर अवघड जाईल. मग हात शिकतो. माझ्या भाच्याचा शिकला.

माझे आजोबा भोकरदन तालुक्यात शेती करायचे. नांगराचं रुमणं बदलायचं असलं की गावचा सुतार आधी आजोबांना उभं करायचा. "आण्णा, हात सैल सोडा," म्हणायचा, आणि मग मुठीची जागा खुणेने धरायचा. शेजारच्या शेतातल्या उंच माणसाचं रुमणं आजोबांना चालत नसे, आणि आजोबांचं त्याला. दिवसभर बैलांमागे चालायचं तर मूठ आपल्याच हाताची हवी. जॉयस्टिक दुकानातून सगळ्यांसाठी सारखीच येते, पण ती कुठे टांगायची हे तरी आपल्या हातात असतंच की.

तर टांगायची कशी? परदेशात यासाठी ॲल्युमिनियमचे तयार सांगाडे मिळतात, टेबलाला आवळायचे आणि वर-खाली करायचे. सुरेख असतात, पण मागवायचे म्हणजे किमतीवर भाडं आणि भाड्यावर सीमाशुल्क. जालन्याला त्याची गरजच नाही. हे लोखंडाचं गाव आहे. सळया बनवणाऱ्या मिलांच्या आसपास वेल्डिंगची इतकी दुकानं आहेत की गेटपासून गाड्यापर्यंत काहीही बनवून मिळतं. मी ॲपे रिक्षात खुर्ची घातली, मांडीवर जॉयस्टिक घेतली आणि ओळखीच्या मिस्त्रींकडे गेले.

त्यांनी जॉयस्टिक हातात घेऊन उलटी केली, खालची स्क्रूची भोकं बघितली, मूठ चारही बाजूंना हलवून पाहिली.

"मॅडम, हे कायचं हाय?"

"विमान चालवायचा दांडा. संगणकावर."

"मंग टेबलावर ठिवायला कामून नाही जमत?"

"हात अवघडतो."

ते काहीच बोलले नाहीत. खुर्ची सपाट फरशीवर लावली आणि म्हणाले, "बसा. घरी बसता तशाच बसा, माझ्यासाठी ताठ नका बसू." मी बसले. "आता हात टाका." मी टाकला. त्यांनी चौकोनी पाइपाचा तुकडा माझ्या मांडीशेजारी उभा धरला आणि वेल्डिंगच्या पांढऱ्या खडूने एक रेघ मारली. मग म्हणाले, "आता ते विमान वर घ्या." मी दांडा मागे ओढल्यासारखं केलं. "खाली घ्या." पुढे ढकलल्यासारखं केलं. पुढे ढकलताना माझी बोटं जिथवर गेली तिथे त्यांनी हवेत आपला हात आडवा धरला. "टेबलाची कड इथं यील. बोटं ठेचतील." हे मला सुचलं नव्हतं, कुठे वाचलंही नव्हतं. टेबलाखाली दांडा लावायचा तर तो टेबलाच्या कडेपासून इतका बाहेर हवा की पूर्ण पुढे ढकलूनही बोटांची हाडं कडेला लागणार नाहीत. त्यांनी आडवा पाइप चार बोटं लांब धरला आणि प्रश्न मिटला.

रचना अगदी सोपी झाली. एक इंची चौकोनी पाइपाचा उलटा "एल", वर टेबलाला आवळायला दोन सी-क्लॅम्प, खाली बारा एमएमच्या प्लायचा चौकोन, आणि त्यावर स्क्रूने घट्ट बसवलेली जॉयस्टिक. क्लॅम्पच्या जबड्यांत जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे, म्हणजे टेबलाचा सनमायका खरवडत नाही आणि पकडही सुटत नाही. उभ्या पाइपाला दोन-दोन सेंटिमीटरवर भोकं पाडली, त्यामुळे बोल्ट काढून बैठक वर-खाली करता येते. प्लायच्या चौकोनाला एका बाजूने बिजागरीसारखं सैल ठेवलं, दुसऱ्या बाजूने हाताने पिळायचा नट. हा कलता चौकोन फार मोलाचा. माणसाची मूठ नैसर्गिकपणे अगदी उभी नसते, ती थोडी पुढे आणि थोडी आत झुकलेली असते. हातात पेन्सिल घट्ट धरून सैल बसा आणि पेन्सिल कुठे झुकते ते बघा. जॉयस्टिक तेवढीच कलती लावली की मनगटाला काहीच करावं लागत नाही.

सांगाडा मजबूत हवा याचं आणखी एक कारण आहे. काही लोक दांड्याला 10 किंवा 20 सेंटिमीटरची नळी जोडून तो लांब करतात. दांडा लांब झाला की तेवढ्याच कोनासाठी हात जास्त सरकतो, आणि हात जास्त सरकला की बारीक हालचाल बारीक राहते. मधल्या दांड्याच्या विमानांना याने जीव येतो. पण लांब दांडा म्हणजे लांब तरफ. टेबलावर नुसती ठेवलेली, खाली रबरी पाय असलेली जॉयस्टिक अशा वेळी उचलली जाते, कलंडते. बैठक लोखंडाशी एकजीव असेल तरच लांबी कामाची.

थ्रॉटलचं गणित दांड्यापेक्षा वेगळं आहे, आणि लोक दोन्ही एकाच पातळीवर लावतात ते मला पटत नाही. दांडा मनगटाने आणि बोटांनी हलतो. थ्रॉटल अख्ख्या हाताने, खांद्यापासून पुढे सरकतो. म्हणून त्याची जागा थोडी पुढे हवी आणि मूठ कोपराच्या पातळीत किंवा बोटभर खाली. कसोटी साधी आहे. थ्रॉटल पूर्ण मागे असताना कोपर पाठीमागे जाऊन खुर्चीला अडता कामा नये, आणि पूर्ण पुढे असताना हात ताठ होता कामा नये. या दोन टोकांच्या मध्ये जो पट्टा राहतो तो प्रत्येकाचा वेगळा, माझा लहान आहे. लढाऊ विमानांचे बहुतेक थ्रॉटल डाव्या हाताच्या घडणीचे असतात, ते मला निरुपयोगी. मी तीन दांड्यांचं साधं क्वाड्रंट, म्हणजे एका पेटीत बसवलेले सरकते दांडे, घेतलं, त्याला डावं-उजवं नसतं. सेसनासाठी पहिला दांडा थ्रॉटल, दुसरा इंधन-हवेचं मिश्रण, तिसऱ्यावर फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांच्या मागच्या कडेने खाली येणाऱ्या झडपा. चिकलठाण्याला उतरताना शेवटच्या दोन मिनिटांत हात पहिल्या दांड्यावरून उठतच नाही, तळहाताची कड क्वाड्रंटच्या पेटीवर टेकलेली असते आणि फक्त अंगठा आणि तर्जनी काम करतात. ही कड टेकवायला जागा आहे का, हे बघूनच क्वाड्रंट घ्यावं. एअरबसचं निराळं. तिथे उड्डाणानंतर दांडे चढाईच्या खाचेत ठेवले की पुढे इंजिनाची ताकद विमान स्वतःच सांभाळतं, हात तिथे लागतोच कमी. म्हणून एअरबस उडवणाऱ्याने जास्त काळजी थ्रॉटलची न करता हातटेकूची करावी.

हातटेकूवरून आठवलं. ए-320 च्या आसनाचा हातटेकू वर-खाली होतो, कलतो, आणि त्यावर आकडे असतात. वैमानिक स्वतःचे आकडे लक्षात ठेवतो आणि कुठल्याही विमानात बसला की ते लावतो. त्याआधी तो आसन लावतो. तेही अंदाजाने नाही. समोरच्या काचांच्या मधल्या खांबावर छोटे गोळे असतात, ते एकामागे एक नेमके झाकले गेले की डोळे बरोबर जागी आले असं समजायचं. आधी डोळे, मग आसन, मग हातटेकू, पायाची पेडल. हा क्रम मला फार आवडला. मी घरी पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत आणली, मग खुर्ची, मग सांगाडा. हातटेकूवर सासूबाईंनी शिवलेल्या जुन्या गोधडीचा तुकडा चौपदरी घालून बांधला आहे, उन्हाळ्यात रेक्झिनला घामाने हात चिकटतो त्यावर यासारखा उपाय नाही.

पेडलविषयी थोडक्यात. मूठ पिळून विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायची सोय बऱ्याच जॉयस्टिकमध्ये असते. सुरुवातीला ठीक आहे. पण आडव्या वाऱ्यात उतरताना एकाच मनगटाने दांडा एका बाजूला झुकवायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला पिळायचा, हे मनगटाच्या जिवावर येतं. हेच काम पायाने करणारी पेडल घेता आली तर घ्यावीत. मात्र चाकांच्या खुर्चीत बसून पेडल दाबलं की पेडल जागच्या जागी आणि खुर्ची मागे. मी चाकं काढून साधे पाय बसवले आणि पेडल भिंतीला टेकवली.

1950 मध्ये अमेरिकेच्या हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने 4,063 वैमानिकांची मापं तपासली. कॉकपिट तेव्हा "सरासरी" माणसासाठी बनवत असत. त्याने उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं घेतली आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती, ते मोजलं. उत्तर आलं शून्य. चार हजारांत एकही नाही. त्यानंतर पुढे-मागे होणारी आसनं, सरकणारी पेडल, लांबी बदलणारे पट्टे यांचा आग्रह धरला गेला. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलींचे डोळे मोठे होतात. शाळेतला बाक कुणाला उंच पडतो, कुणाला बुटका, आणि सगळ्यांना वाटत असतं की आपलंच काहीतरी चुकतंय.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट मी रोज वापरते. दुसऱ्या महायुद्धात बी-17 या बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकं आत घेऊन टाकायचे, आणि विमान पोटावर बसायचं. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने बघितलं तर दोन्हींचे खटके शेजारी-शेजारी आणि हुबेहूब सारखे. त्याने चाकाच्या खटक्याला रबरी चाक लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीचा आकार दिला, म्हणजे न बघता बोटांना कळावं. जॉयस्टिकच्या बैठकीवर बारा सारखी बटणं असतात आणि टेबलाखाली असल्याने ती दिसत नाहीत. मी ब्रेकच्या बटणावर मखमली टिकली लावली आहे, दिव्याच्या बटणावर खड्याची, आणि चाकांच्या बटणावर दोन टिकल्या एकावर एक. अंधारातही बोट फिरवलं की मऊ, खडबडीत, उंच असं ओळखू येतं. टिकली दोन-तीन महिन्यांनी निघते, पाकीट घरात असतंच.

आपल्या भागातली धूळ हा वेगळाच शत्रू. फेब्रुवारीपासून मृगापर्यंत संध्याकाळी वारा सुटला की खिडकी बंद असूनही टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. स्वस्त जॉयस्टिकमध्ये दांडा किती हलला ते मोजणारा, घासत फिरणारा पोटेन्शिओमीटर असतो. त्यात धूळ गेली, घासून झिजला, की दांडा न हलवता विमान थरथरायला लागतं. चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरमध्ये घासणारं काही नसतं, म्हणून मराठवाड्यात दोन पैसे जास्त देऊन तोच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. उडवून झालं की दांडा आणि थ्रॉटल दोन्हींवर सुती पंचा टाकते. विजेचं सांगायला नकोच. उतरताना लाइट गेली की सगळं गेलं, तेव्हा संगणकाला यूपीएस हवाच.

आणि सॉफ्टवेअर? दांड्याच्या मध्याजवळ विमान कमी प्रतिसाद देईल असा वक्र तिथे लावता येतो, मधली थोडी जागा मृतही ठेवता येते, म्हणजे तिथे दांडा हलला तरी विमान हलत नाही. पण हे सगळ्यात शेवटी. टेबलावरच्या जॉयस्टिकने मला वक्र बराच वाकवावा लागला होता. सांगाडा बसल्यावर तो हळूहळू सरळ करत आणला, आता जवळपास सरळ रेघच आहे, आणि विमान हातात जास्त आहे. वक्राने झाकायचं ते आधी पाइप आणि प्लायने सुटतं का ते बघा.

शाळेतल्या आठवीच्या काही मुली सुट्टीत घरी येतात. नाथसागरावरून जायकवाडीच्या भिंतीपर्यंत एकेक जण उडवते. त्यातली सगळ्यात चिमणी मुलगी बसली की मिस्त्रींनी पाडलेल्या भोकांपैकी अगदी खालच्या भोकातही बैठक तिच्यासाठी दोन बोटं उंच राहते, आणि पेडलपर्यंत तर पाय पोचतच नाहीत. खुर्चीवर उशी घातली तर कोपर वर येतं पण पाय आणखी लोंबतात. त्यामुळे पाइप खाली वाढवून आणखी चार भोकं, आणि पेडलखाली सरकवता येईल अशी लाकडी पाटी, एवढं करायचं ठरलंय. तिची मापं मी तिला बसवून घेतली आहेत. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, कागदावर नका आणू. त्या पोरीलाच घेऊन या."

येत्या रविवारी तिच्या आईला विचारून तिला दुकानात नेणार आहे.